वाहनांची नोंदणी पट्टी : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, दफ्तरे यांचा प्रथम विचार होतो. रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनाच्या मागेपुढे लावलेली धातूची पट्टी या साधनांत सहसा गणली जात नाही. वस्तुतः या पट्टीवर शासनाची आज्ञा, प्रशासनाची विभागणी, तंत्रज्ञानाची पातळी आणि समाजाची हौस या चारही गोष्टी कोरलेल्या असतात. प्रस्तुत लेखात भारतातील नोंदणी पट्टीच्या रचनेचा मागोवा घेऊन, ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात दिसणाऱ्या 'एमएच-०४' आणि 'एमएच-०५' या संकेतांचा ऐतिहासिक अर्थ तपासला आहे. ही पट्टी नेमकी कोणाने वाचावी म्हणून लावली जाते, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

वाहनाला क्रमांक देण्याची पद्धत युरोपात रुजली. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये वाहनांवर ओळखीची पट्टी सक्तीची केली. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी सुरू झाली. मुंबई इलाख्यानेही १९०४ मध्येच मोटारींसाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने हा विषय अखिल भारतीय चौकटीत आणला व १९३९ च्या कायद्याने ती चौकट अधिक विस्तृत केली.

बैलगाडीचा किंवा टांग्याचा मालक गावात चेहऱ्याने ओळखला जाई. मोटार मात्र अपघात करून काही क्षणांत दृष्टीआड होऊ शकत असे. अनोळखी वाहनाला जबाबदार धरता यावे यासाठी त्याच्या अंगावरच ओळख लिहिणे आवश्यक ठरले. म्हणजेच नोंदणी पट्टीचा जन्म कराच्या गरजेइतकाच उत्तरदायित्वाच्या गरजेतून झाला.

१९३९ च्या कायद्याखाली प्रांतांना रोमन अक्षरगट नेमून देण्यात आले होते. मुंबईच्या वाट्याला 'बीएम'ने सुरू होणारे गट आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर 'एम' अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरांचे गट आणि त्यापुढे जास्तीत जास्त चार अंक, अशी रचना रूढ झाली. खासगी मोटारींच्या काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे असत. ट्रक, टॅक्सी यांसारख्या वाहनांच्या पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरे असत. या पद्धतीत राज्य ओळखता येई, परंतु ठिकाण ओळखण्यासाठी अक्षरगटांची माहिती असावी लागे. वाहनांची संख्या मर्यादित होती तोवर ही उणीव विशेष जाणवली नाही.

१९८९ : नव्या रचनेचा आरंभ

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्यातील कलम ३९ अन्वये नोंदणीविना वाहन चालविण्यास मनाई करण्यात आली, तर कलम ४१ अन्वये नोंदणी प्राधिकाऱ्याने प्रत्येक वाहनास विशिष्ट चिन्ह देण्याची तरतूद झाली. राज्यासाठी दोन अक्षरे, कार्यालयासाठी दोन अंक, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी कमाल चार अंक, अशी चार टप्प्यांची रचना देशभर आली. महाराष्ट्राला 'एमएच' ही अक्षरे मिळाली.

या रचनेची क्षमता साध्या गणिताने ध्यानात येते. शून्य व एक या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून मालिकेत 'ओ' आणि 'आय' ही रोमन अक्षरे टाळली जातात. उरलेल्या २४ अक्षरांपैकी एकच वापरल्यास एका कार्यालयाला सुमारे २ लाख ४० हजार क्रमांक मिळतात. दोन अक्षरे वापरल्यास ही संख्या सुमारे ५७ लाख ६० हजारांवर जाते. ठाणे व कल्याण येथील वाहनांवर आज सर्रास दिसणारी दोन अक्षरी मालिका ही वाहनसंख्येच्या वाढीची साक्षच होय.

'०४' आणि '०५' : संकेतांचा भूगोल

राज्यातील संकेतांचा क्रम पाहिल्यास त्यामागील प्रशासकीय दृष्टी स्पष्ट होते. ०१ ते ०३ मुंबईचे, ०४ ठाण्याचा, ०५ कल्याणचा. त्यानंतर रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असा कोकण विभाग संपून ०९ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे असा क्रम लागतो. पहिल्या तेरा संकेतांत मुंबई वगळता जिल्ह्याचे मुख्यालय वा जिल्हा नसलेले एकमेव ठिकाण कल्याण आहे. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली, पुढे ते मोठे जंक्शन झाले आणि कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नगरे रेल्वेमार्गाभोवती वाढली. तालुक्याच्या ठिकाणाला जिल्ह्याच्या पंक्तीला बसविणारा '०५' हा संकेत या नागरीकरणाची शासकीय पावती आहे. याच परिसरात, कल्याण-शीळ रस्त्यावरील प्रीमियरच्या कारखान्यात, १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत होती, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे.

'एमएच-०४' या संकेताची कथा वेगळी आहे. एके काळी वसई, पालघर, मीरा-भाईंदर आणि नवी मुंबईचा ठाणे जिल्ह्यातील भाग, असा विस्तीर्ण प्रदेश या संकेताखाली होता. पुढे नवी मुंबईला ४३, वसईला ४८ आणि अलीकडे मीरा-भाईंदरला ५८ हे संकेत मिळाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि, त्यापूर्वी नोंदलेल्या वाहनांचे क्रमांक बदलले नाहीत. वसईच्या एखाद्या जुन्या टेम्पोवरील '०४' हा अविभाजित ठाणे जिल्ह्याचा चालता अवशेष म्हणावा लागेल.

कल्याण-डोंबिवलीत याच्या उलट स्थिती दिसते. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा तीत समाविष्ट असलेली २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली व २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली. गावे कोणाची, कर कोणाला, पाणी कोणी द्यायचे, हे वाद वर्षानुवर्षे चालले. तेथील वाहनांवर मात्र '०५' कायम राहिला. महापालिकेची हद्द आणि वाहनाचा संकेत या दोन निरनिराळ्या व्यवस्था असल्याचे यावरून दिसून येते.

साधन म्हणून या पट्टीला मर्यादाही आहेत. राज्यांतर्गत स्थलांतर केल्यास मालकाने पत्ता बदलून घ्यायचा असतो. क्रमांक तोच राहतो. त्यामुळे पट्टी वाहनाचे जन्मस्थान सांगते, सध्याचे निवासस्थान नव्हे. मुंबईहून डोंबिवलीत स्थायिक झालेल्या कुटुंबाच्या गाडीवरील '०३' हा त्या स्थलांतराचा मूक पुरावा ठरतो.

हौस, भाषा आणि नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० व ५१ अन्वये अक्षरांचे स्वरूप व मापे ठरलेली आहेत. मोटारीवरील अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांतील अंतर १० मिलिमीटर असावे लागते. प्रत्यक्षात मात्र दीर्घकाळ ही पट्टी आधी रंगाऱ्याच्या कुंचल्याच्या आणि नंतर रेडियमच्या दुकानांच्या स्वाधीन होती. २१४ या अंकांना वळण देऊन 'राम' वाचता येईल असे करणे, ८०५५ मधून रोमन लिपीतील 'बॉस' साधणे, हे प्रकार सर्वपरिचित आहेत. आकर्षक क्रमांकांची ही ओढ शासनानेही महसुलाचे साधन मानली. २०२४ मध्ये चारचाकीच्या '०००१' या क्रमांकाचे शुल्क ३ लाखांवरून ५ लाख रुपये, तर मुंबई-पुण्यासारख्या अधिक मागणीच्या ठिकाणी ६ लाख रुपये करण्यात आले.

देवनागरी अंकांचा प्रश्न याहून गंभीर आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्यकारभाराची भाषा आहे, तर केंद्रीय नियमानुसार पट्टीवर रोमन अक्षरे व आंतरराष्ट्रीय अंक अनिवार्य आहेत. मराठी अंक लिहिणाऱ्यास आपण स्वभाषेचा मान राखतो असे वाटते; नियम त्याला दोषी मानतो. देशभर फिरणाऱ्या वाहनाचा क्रमांक सर्वत्र वाचता यावा, हा नियमामागील तर्क योग्य आहे. तथापि, अपघात पाहणाऱ्या खेड्यातील मराठी साक्षीदाराला कोणती लिपी चटकन वाचता येईल, हा प्रश्न त्या तर्कात सुटलेला नाही.

उच्च सुरक्षा पट्टी आणि यंत्राची नजर

दोन स्क्रू काढले की पट्टी बदलता येते, हा जुन्या व्यवस्थेतील मोठा दोष होता. चोरीची वाहने व बनावट क्रमांक यांना आळा घालण्यासाठी २००१ मध्ये उच्च सुरक्षा नोंदणी पट्टीची योजना जाहीर झाली. याच सुमारास खासगी वाहनांसाठी पांढऱ्या व व्यावसायिक वाहनांसाठी पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरे ही रंगव्यवस्था आली. २०१८ मध्ये विजेवरील वाहनांना हिरवी पट्टी मिळाली, तर २०२१ मध्ये राज्याराज्यांत बदली होणाऱ्यांसाठी 'बीएच' मालिका सुरू झाली.

उच्च सुरक्षा पट्टी ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगातील 'आयएनडी' ही अक्षरे आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. ती पुन्हा न उघडणाऱ्या कुलूपबंद खिळ्यांनी बसविली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ही योजना वैध ठरविली, तरी अंमलबजावणी रेंगाळली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती सक्तीची झाली. महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांसाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत देण्यात आली व ती वारंवार वाढवावी लागली. दुचाकीस ४५०, तीनचाकीस ५०० आणि चारचाकीस ७४५ रुपये अधिक वस्तू व सेवा कर, असे दर ठरले. दिवसाच्या कमाईवर घर चालविणाऱ्या रिक्षाचालकाच्या दृष्टीने पैशाइतकीच जुन्या वाहनाची कागदपत्रे जुळविण्याची व त्यासाठी वेळ काढण्याची अडचण मोठी होती.

दरम्यान पट्टीचा वाचकही बदलला. पूर्वी तो चौकातील हवालदार किंवा वाटसरू होता. आता तो कॅमेरा आहे. ई-चलान आणि संगणकीय नोंदणी यांमुळे क्रमांक क्षणात मालकापर्यंत पोहोचतो. साच्यातील एकसारखी अक्षरे ही यंत्राची गरज आहे.

समारोप

काळ्या पट्टीपासून लेसर कोरलेल्या ॲल्युमिनियमपर्यंतच्या प्रवासात या वस्तूचे मूळ प्रयोजन बदललेले नाही. वाहन खासगी मालकीचे असले तरी पट्टी सार्वजनिक असते. ती मालकाच्या अलंकारासाठी नसून रस्त्यावरील इतरांच्या संरक्षणासाठी असते. तिच्या सुवाच्यतेवर पहिला हक्क वाटसरूचा आहे. यंत्राला वाचता येते म्हणून माणसाला वाचता आलेच पाहिजे ही अट शिथिल होता कामा नये, कारण जेथे कॅमेरा नाही अशा मुरबाड-शहापूरच्या आडरस्त्यांवर आजही पायी चालणाऱ्याचे डोळे हीच नोंदणी व्यवस्थेची अखेरची चौकी आहे. त्याचबरोबर, जुन्या पट्ट्या भंगारात जात असताना '०४' आणि '०५' यांमागील प्रादेशिक इतिहास स्थानिक वस्तुसंग्रहालयांनी व महाविद्यालयांनी नोंदवून ठेवणे अगत्याचे ठरते.