सोन्याच्या तारेपासून कवळीपर्यंत

इ. स. १६०४ मध्ये विजापूर दरबारचा इतिहासकार फिरिश्ता बऱ्हाणपुरास आला. इब्राहीम आदिलशहाची कन्या अकबराचा पुत्र दानियाल ह्यास दिली होती. तिच्या लवाजम्याबरोबर तो पैठणमार्गे तापीकाठच्या ह्या शहरी पोहोचला. ह्याच फिरिश्त्याच्या ग्रंथात कृत्रिम दातांसंबंधी एक विलक्षण नोंद आढळते.

११९४ साली चंदावरच्या लढाईत कनोजचा राजा जयचंद पडला. प्रेतांच्या राशीत राजा कोणता, हे ओळखू येईना. अखेर खूण पटली ती दातांवरून. फिरिश्ता म्हणतो, ते दात कृत्रिम असून सोन्याच्या पाचरींनी बसविलेले होते. जयचंदाच्याच काळातील अरब इतिहासकार इब्न अल्-अथीर ह्याच्या मते ते मूळचेच, पण मुळांशी हलू लागल्याने सोन्याच्या तारेने आवळलेले होते. दोन्ही वृत्तांतांत सोने मात्र समान आहे.

सोन्याची तार बऱ्हाणपूरला नवी नव्हती. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार ओढून कलाबतू करण्यात येथील कारागीर निष्णात होते. सतराव्या शतकात येथील जरीचे कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जाई, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो. परंतु ती तार ओढणाऱ्या कारागिराची दाढ दुखली, तर त्याच्या वाट्याला लवंग आणि शेवटी सांडशी!

किडलेला दात राखण्याची कल्पना मात्र ह्या देशात जुनी आहे. दातातील पोकळी गूळ अथवा मेण भरून तप्त शलाकेने डागावी, असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. पाश्चात्त्य देशांत चांदी व पारा ह्यांचे मिश्रण भरण्याची पद्धत पुढे आली. १८३३ साली ती अमेरिकेत पोहोचली, तेव्हा तेथील दंतवैद्यांत मोठा कलह माजला. १८४५ मध्ये त्यांच्या संस्थेने हे मिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञाच सभासदांकडून मागितली.

बसवायच्या दातांची कथा अधिक करुण आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या रणांगणावरील मृत सैनिकांचे दात उपटून ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसविले गेले. गरिबाचा दात धनिकाच्या मुखी गेला. हा व्यवहार मागे पडला तो चिनी मातीच्या दातांमुळे, आणि १८५१ नंतर आलेल्या कठीण रबरामुळे. हिरडीच्या साच्यावर बेतलेली रबराची कवळी हस्तिदंताहून पुष्कळ स्वस्त पडे. कवळी सामान्यांच्या आवाक्यात आली ती येथून.

भारतात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने ह्या व्यवसायास शिस्त लावली. १९६५ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क ह्यांनी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दात उभारले. आज दंतवैद्यापुढे अनेक मार्ग आहेत: किडीसाठी दाताच्या रंगाचे भरण, दात पडल्यास कवळी, शेजारच्या दातांवर आधारलेला पूल, अथवा रोपण. पुलासाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागतात. रोपणास पुरेसे हाड लागते, आणि पैसाही. त्यामुळे जयचंदाच्या काळचे अंतर अद्याप पुरते मिटलेले नाही.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण सर्वांच्या ओठी आहे. तिच्यातील दुसरे दुःख टाळण्याचा अल्पखर्चाचा उपाय एकच: कीड लहान असतानाच दात भरून घेणे. त्यास राजाचे सोने लागत नाही.