कोऱ्या छायाचित्रातील आजार : मेंदूच्या रक्तवाहिन्या पाहण्याचा इतिहास

१/ १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. मेंदूतील रक्तवाहिन्या मात्र अदृश्यच राहिल्या, कारण रक्त आणि भोवतालचा मेंदू यांत त्या किरणांना भेदच दिसत नव्हता.

२/ तो भेद १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी निर्माण केला. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धानंतर पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री होते. संधिवाताने त्यांचे हात अधू झालेले; म्हणून प्रत्यक्ष काम तरुण सहकारी अल्मेडा लिमा करीत. क्ष-किरण अडवणारे द्रव्य मानेतील धमनीत सोडून त्यांनी मेंदूतील वाहिन्यांचे छायाचित्र मिळवले. यश येण्याआधी एक रुग्ण दगावला होता.

३/ पुढे १९३० च्या दशकात थोरोट्रास्ट हे द्रव्य आले. चित्रे सुरेख येत. पण त्यातील थोरियम किरणोत्सारी होते आणि यकृतात कायमचे साचून राही. अनेकांना काही दशकांनी कर्करोगाच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागली.

४/ १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवता येते हे दाखवले. तोच आजचा एमआरआय. यात किरणांची सावली नसते. शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचा प्रतिसाद टिपला जातो. वेगाने वाहणारे रक्त तो प्रतिसाद देण्याआधीच पुढे निघून जाते आणि त्याची जागा काळी उमटते. दुसऱ्या एका पद्धतीत स्थिर ऊतींचा प्रतिसाद दाबून नव्याने आत येणारे रक्त उजळ दाखवतात. म्हणजे रक्ताचे वाहणे हीच येथे खूण ठरली.

५/ काहींच्या मेंदूत धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट नीलांना जोडलेल्या असतात. जोराच्या प्रवाहाने हा गुंता फुटण्याचा धोका असतो. एमआरआयमध्ये तो काळ्या, नागमोडी रेषांच्या जुडग्यासारखा दिसतो. शिवाय तो मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागाला खेटून आहे, हेही कळते.

६/ खरी क्रांती मात्र कॅव्हर्नोमाच्या बाबतीत झाली. पातळ भिंतींच्या वाहिन्यांच्या या गाठीत रक्त इतके संथ असते की मोनिझ यांच्या पद्धतीने काढलेले छायाचित्र बहुधा कोरेच येई. रुग्णाला झटके येत, रक्तस्राव होई आणि कारण सापडत नसे. १९८० च्या दशकात एमआरआयने ते दाखवले : मक्याच्या लाहीसारखी गाठ आणि भोवती काळे कडे. हे कडे जुन्या रक्तस्रावातून उरलेल्या लोहाचे. आजाराने आपली बखर स्वतःच लिहून ठेवली होती. ती वाचणारे साधन तेवढे नव्हते.

७/ म्हणून जुनी पद्धत बाद झाली का? नाही. कोणती धमनी गुंत्याला रक्त पुरवते, कोणती नील आधी भरते, हा क्रम बारकाईने पाहायचा तर आजही वाहिनीत नळी घालून क्ष-किरण चित्रे घेतली जातात. एक साधन प्रवाह सांगते, दुसरे त्याच्या खुणा.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट ओळखीची वाटेल. एखाद्या दप्तरात नोंद नाही, एवढ्यावरून घटना घडलीच नाही असे आपण म्हणत नाही. ते दप्तर कशाची नोंद ठेवण्यासाठी होते, हे आधी विचारतो. त्या कोऱ्या छायाचित्रालाही हाच प्रश्न विचारायचा होता.

लेखनसीमा.