डोंगरवाटेवर लहान मूल : पाठीवरच्या कॅरिअरची निवड कशी करावी?

पावसाळा सरला की सह्याद्रीतील गडकिल्ले, माथेरानसारखी थंड हवेची ठिकाणे आणि हिमालयाच्या पायथ्याच्या वाटा पर्यटकांनी फुलून जातात. या भ्रमंतीत आता लहान मुलांसह आलेली कुटुंबेही दिसतात. दोन वर्षांचे मूल चढावर फार काळ चालू शकत नाही आणि कडेवर घेऊन चालल्यास पालकाचा एक हात अडकतो, तोलही जातो. त्यामुळे चौकट असलेले, पाठीवर बांधावयाचे ‘चाइल्ड कॅरिअर’ हा सोयीचा पर्याय ठरतो. मात्र त्याची निवड रंगरूप वा किंमत पाहून नव्हे, तर मुलाचे वय, वजन आणि वाहून नेणाऱ्याची शारीरिक क्षमता विचारात घेऊन करावयास हवी.

झोळी ते चौकट

मूल अंगाशी बांधून नेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. ईशान्य भारतातील डोंगराळ प्रदेशात बाळाला कापडाने पाठीशी बांधून स्त्रिया कामे करतात. अमेरिकेत अॅन मूर यांनी आफ्रिकेतील टोगो देशात पाहिलेल्या अशाच पद्धतीवरून १९६० च्या दशकात ‘स्नगली’ हे मऊ कॅरिअर तयार केले. चौकटीचे कॅरिअर याहून वेगळे आहे. त्यात ॲल्युमिनियमची चौकट, मुलासाठी बैठक, कमरेचा रुंद पट्टा आणि जमिनीवर टेकविण्यासाठी पाय असतो. मूल पालकाच्या अंगाला न चिकटता थोडे मागे आणि उंचावर बसते. त्यामुळे दोघांनाही हवा लागते, पण तोल सांभाळणे अधिक कठीण होते.

वय आणि वजन

मूल आधाराशिवाय ताठ बसू लागल्यावरच अशा कॅरिअरचा वापर करावा. हा टप्पा बहुतेक मुलांमध्ये सहा महिन्यांच्या सुमारास येतो. त्याआधी मानेचे स्नायू चालताना बसणारे हिसके सहन करण्याइतके बळकट नसतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१५ मध्ये चौकटीच्या कॅरिअरसाठी सुरक्षा मानक अनिवार्य केले. ते स्वतः बसू शकणाऱ्या, साधारण ७ ते २३ किलो वजनाच्या मुलांसाठी आहे. युरोपात यासाठी ‘ईएन १३२०९-१’ हे मानक वापरले जाते. खरेदीपूर्वी वेष्टनावर यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख आहे का, हे पाहावे. वय आणि वजन या दोन्ही अटी पूर्ण होणे आवश्यक आहे, कारण सहा महिन्यांची अनेक मुले सात किलोंपेक्षा हलकी असतात.

कमाल मर्यादाही नीट वाचावी. काही कंपन्यांची सुमारे २२ किलोंची मर्यादा मूल, सामान आणि कॅरिअर या सर्वांची मिळून असते. कॅरिअरचे साडेतीन किलो, दोन लिटर पाणी आणि दीड किलो कपडे-खाऊ वजा करता मुलासाठी पंधरा किलो उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यानुसार तीन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १४ किलोंच्या आसपास असते. म्हणजे अशा कॅरिअरचा उपयोग जेमतेम अडीच वर्षे होतो. वर्षाकाठी दोन-तीनच सहली होणार असतील, तर भाड्याने घेणे किंवा परिचितांकडून मागून आणणे अधिक शहाणपणाचे.

वाहणाऱ्याचा विचार

पाठीवरील ओझे स्वतःच्या वजनाच्या एकपंचमांश ते एकचतुर्थांशापेक्षा अधिक नसावे, असा पदभ्रमण करणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. दहा किलोंचे मूल घेतल्यास वरील हिशेबाने एकूण भार १७ किलो होतो. सत्तर किलो वजनाच्या पालकाला तो मर्यादेच्या काठावर आहे, तर साठ किलोंच्या पालकाला जास्तच. अशा वेळी पाणी आणि खाऊ दुसऱ्याच्या पिशवीत द्यावा.

भाराचा मोठा वाटा खांद्यांवर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर यावा. त्यासाठी पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारे कॅरिअर निवडावे, विशेषतः आई आणि वडील दोघेही ते आळीपाळीने वापरणार असतील तर. दुकानात दहा किलो तांदळाची पिशवी बैठकीत ठेवून वीस-पंचवीस मिनिटे चालून पाहावे. खांदे दुखू लागले किंवा कमरेचा पट्टा पोटावर सरकू लागला, तर ते माप आपले नव्हे.

बैठक आणि पट्टे

मुलाच्या दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून जाणारे, पाच ठिकाणी जोडलेले पट्टे असावेत. पाय बाहेर काढण्याची भोके मुलाच्या मानाने मोठी असू नयेत. २०१६ मध्ये अमेरिकेत एका कंपनीची कॅरिअर याच भोकांतून मूल खाली घसरण्याच्या धोक्यामुळे परत मागविण्यात आली होती. त्यामुळे जुने कॅरिअर घेताना त्या मॉडेलविषयी अशी सूचना निघाली होती का, हे तपासावे. बकलला तडा, उसवलेली शिवण किंवा वाकलेली चौकट आढळल्यास ते घेऊ नये.

बैठक रुंद असावी, जेणेकरून मांड्यांना आधार मिळेल आणि गुडघे नितंबांच्या पातळीला किंवा किंचित वर राहतील. पाय नुसते लोंबत राहिल्यास रक्ताभिसरण मंदावते. पावले टेकविण्याचे पट्टे असलेले कॅरिअर म्हणूनच अधिक चांगले. चौकटीचे सांधे मुलाच्या बोटांपासून दूर आणि झाकलेले असावेत.

वापरताना

कॅरिअर उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. ते सपाट जमिनीवरच ठेवावे. टेबल, कट्टा किंवा बुरुजाच्या कठड्यावर ठेवू नये आणि मूल त्यात एकटे सोडू नये. मुलाचे डोके पालकाच्या डोक्याच्या वर येते, हे फांद्यांखालून किंवा गडाच्या दिंडी दरवाजातून जाताना विसरता कामा नये.

चालणाऱ्या पालकाला घाम येत असताना स्थिर बसलेले मूल मात्र गारठू शकते. उन्हात उलट घडते. साधारण अर्ध्या तासाने हातपाय चाचपून पाहावेत आणि तासाभराने मुलाला खाली उतरवून मोकळे करावे. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर मुक्काम असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. डोके दुखते हे लहान मूल सांगू शकत नाही. त्याची किरकिर, खाण्यास नकार आणि उडालेली झोप हीच लक्षणे असू शकतात. ती दिसल्यास शिखराचा मोह सोडून लगेच खाली उतरावे.

निसरडी पायवाट, कड्यालगतचा अरुंद टप्पा किंवा हातांचा आधार घेऊन चढावयाचा कातळ, ही ठिकाणे कितीही चांगल्या कॅरिअरसाठी नाहीत. पालकाचा पाय घसरला तर मूलही त्याच्यासह पडते. मळलेली, रुंद आणि परतीला सोपी वाट निवडणे ही कॅरिअरच्या निवडीइतकीच महत्त्वाची बाब आहे.