मिटणारी पेटी

कोडोलीच्या मंडळींपुढं संगणकावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. वारणानगर इथून हाकेच्या अंतरावर. १९९८ साली 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प तिथूनच सुरू झाला आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांपर्यंत संगणक न्यायचं ठरलं. आमच्या स्वतःच्या टेबलावर तेव्हा फक्त शाईची दौत होती!

ऊस किती टन भरला, बिल कधी निघणार, खताची उचल किती झाली, हे शेतकऱ्याला गावातच कळावं असा हेतू. पण तो संगणक दिसायला कसा होता, हे कुणाला विचारलं तर सांगता येत नाही. भुरकट डबा, एवढंच. लोकांचा जीव चिठ्ठीत होता, डब्यात नव्हता. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी ७ गावांत डब्याऐवजी मोबाइलच्या एसएमएसवरून तीच माहिती देऊन पाहिली, आणि काम भागलं. डबा गेल्याचं कुणाला दुःख झालं नाही.

आता याच्या शेजारी लॅपटॉप ठेवून बघा. आमची नात इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा तिच्याबरोबर आम्ही दुकानात गेलो. तिनं लॅपटॉप सुरू केला नाही. आधी मिटला, हातात तोलला, कडेवरून बोट फिरवलं. आम्हाला वाटलं, पोरगी यंत्र बघतेय की पैठणी?

कांट १७९० साली लिहून गेला, की खऱ्या सौंदर्याच्या अनुभवात वस्तू आपली व्हावी ही इच्छा नसते. लॅपटॉपच्या दुकानात त्याला पाच मिनिटं उभं करायला हवं होतं.

पण मिटणं ही गोष्ट आली कुठून? १९८१ चा ऑस्बोर्न हा 'उचलता येणारा' संगणक सुमारे ११ किलोचा होता. त्याला मूठ होती म्हणून उचलता येणारा म्हणायचं, नाहीतर शिलाई मशीनच. दुसऱ्याच वर्षी ग्रिड कंपास आला. त्याचा आराखडा बिल मॉग्रिज या इंग्रज माणसाचा. पडदा बिजागरीवर वळून कळफलकावर झाकणासारखा बसायचा. किंमत ८,१५० डॉलर, म्हणजे आपल्यासारख्यांनी नावही काढायला नको. आज आपण जो लॅपटॉप वापरतो त्याची मूळ आकृती हीच. आणि गंमत बघा, मॉग्रिजनंच पुढं सांगितलं, की आपण केलेल्या आकाराचं कौतुक थोडा वेळच टिकलं. काम सुरू केल्यावर आपण पडद्यातच ओढले गेलो आणि पेटी विसरलो. म्हणजे मोह असतो तो मिटलेल्या लॅपटॉपचा. उघडला की तो दिसेनासा होतो.

हे रिचर्ड सॅपरला बरोबर कळलं होतं. १९९२ च्या थिंकपॅडला त्यानं जपानी जेवणाच्या काळ्या डब्याचं रूप दिलं. बाहेरून काहीच नाही, उघडल्यावर कळफलकाच्या मधोमध एक लाल ठिपका. आपल्याकडं पानाचा डबा असाच असायचा, वरून साधा. २००८ साली स्टीव्ह जॉब्सनं कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. १.३६ किलो. टाळ्या पडल्या. पण त्या पातळपणासाठी मेमरी बोर्डावरच पक्की केलेली होती, आणि मालकानं स्वतः बॅटरी बदलायची सोय ठेवली नव्हती. पाकिटात मावण्याची ही किंमत होती. इतर कंपन्याही हळूहळू त्याच वाटेनं गेल्या.

उलटी वाटही होती, तीही आपल्या महाराष्ट्रात. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेतली हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं आली. २२ मुलं. ही मूळ कल्पना अॅलन के यांनी १९७२ मध्येच मांडली होती: मुलाच्या हातात मावेल असा संगणक. एक्सओचे दोन कान वर केले की अँटेना, खाली केले की कडी. मागचा प्रकाश बंद केला की उन्हात अक्षरं वाचता येत. आणि जादा स्क्रू यंत्राच्या आतच ठेवलेले! पोरानं साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडावं, पडलेला स्क्रू नवा लावावा. मोठ्या माणसांना मात्र ते खेळणं वाटायचं. आम्हालाही वाटलं, खोटं का सांगा.

विहिरीवरची मोटर बिघडली तर इथला शेतकरी आधी ती उघडतो, मग शिव्या देतो, मग मिस्त्रीला बोलावतो. नातीच्या लॅपटॉपवर दोन वर्षांनी चहा सांडला. चार-पाच कळा गेल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, कळफलक वेगळा निघत नाही, वरचा अख्खा भाग बदलावा लागंल." खर्च निम्म्या लॅपटॉपएवढा. नातीनं नवा घेतला, आणखी पातळ.

जुना आमच्याकडं आला. या व्याख्यानाची टिपणं त्यावरच केली आहेत. बाहेरून कळफलक जोडलाय, त्यामुळं तो टेबलावरून हलत नाही आणि मिटतही नाही. भुरकट डब्यासारखाच वापरतो आम्ही त्याला.