लढाईच्या काळातील विलायती परसबाग

आपल्याकडे वसंत आला की परसातले काम ओसरू लागते. वालाच्या वेली वाळतात, विहिरीचे पाणी तळाला जाते, आणि मग मृगाची वाट पाहायची. विलायतेत याच्या अगदी उलट. तेथे हिवाळाभर जमीन एक तर दगडासारखी गोठलेली, नाही तर पाणी पिऊन चिखल झालेली असते. फेब्रुवारी सरून मार्च लागला, म्हणजे आपला फाल्गुन आला, की माणसे कित्येक आठवड्यांनी फावडी घेऊन बाहेर पडतात. त्यांचा वसंत म्हणजे आपला मृगच म्हणा ना!

यंदाच्या स्मरणिकेत बायकांच्या कर्तबगारीचा काही इतिहास यावा असे मंडळात ठरले. राण्या आणि वीरांगना यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी भाजीपाल्याविषयी लिहिते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंड दुसऱ्या महायुद्धात उतरले. त्या देशाची गोम अशी की खाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश माल बोटीने बाहेरून येई. जर्मनांच्या पाणबुड्या त्या बोटी बुडवू लागल्या. मोकळ्या राहिलेल्या बोटी तरी तोफा, तेल आणि सैनिक यांना हव्या होत्या. तेव्हा ऑक्टोबर १९३९ मध्ये सरकारने लोकांना हाक दिली की अंगण, हिरवळ, मैदान, जेथे माती दिसेल तेथे भाजी लावा. पुढे “विजयासाठी खणा” हे तिचे घोषवाक्य झाले. फावड्यावर पाय दाबलेला, एवढेच चित्र असलेली भित्तिपत्रके जागोजागी लागली.

ज्यांना अंगण नव्हते त्यांच्यासाठी तिकडे एक जुनी सोय होती. गावाच्या जमिनीचे तुकडे पाडून थोड्या भाड्याने घराघराला देतात, त्यास अलॉटमेंट म्हणतात. पुरा तुकडा त्यांच्या मापाने दहा रॉड. मी गणित करून पाहिले, ते बरोबर अडीच गुंठे भरतात. एका कुटुंबाला वर्षभर भाजी पुरावी असा हा हिशेब. लढाईपूर्वी असे सुमारे आठ लाख तुकडे होते, ते १९४३ पर्यंत चौदा लाखांच्या घरात गेले. लंडनच्या प्रसिद्ध किल्ल्याच्या खंदकात भाजी लावली होती, आणि एका मोठ्या देवळाच्या आवारात बॉम्ब पडून झालेल्या खड्ड्यातही वाफे केले होते.

पहिलाच हिवाळा कडाक्याचा गेला. १९४० चा जानेवारी इतका थंड होता की फावडे मातीत शिरेना. शिवाय ओल्या मातीवर घाईने पाय दिला तर ती दडपून घट्ट होते आणि वर्षभर पीक देत नाही. म्हणून जाणती माणसे मातीची मूठ वळून पाहत. गोळा चिकट राहिला तर परत घरी, भुगा झाला तर कामाला लागायचे. तण उगवू लागले की जमिनीत ऊब आली असे समजायचे. आपण तणाला शिव्या देतो, तेथे ते निरोप आणते. तोवर घरात बटाट्याचे काम चाले. बेण्याचे बटाटे अंड्यांच्या खोक्यांत, डोळे वर करून, उजेडाच्या खिडकीत मांडायचे. आखूड, जाड कोंब फुटले की गुड फ्रायडेच्या सुमारास लावायचे.

पण हाच काळ खाण्यापिण्याच्या दृष्टीने वाईट. साठवलेले संपलेले आणि नवे अजून यायचे. नवशिक्यांनी पहिल्या वर्षी उन्हाळ्यात येणारीच भाजी लावली. ती एकदम आली, खाऊन संपेना, आणि पुढल्या फेब्रुवारीत ताटात काही नाही. म्हणून सरकारची पत्रके वारंवार सांगत की आता पेरताना पुढच्या हिवाळ्याचा विचार करा, थंडीत तग धरणारी कोबीच्या जातीची भाजी व कंदमुळे लावा. मिडलटन नावाचे गृहस्थ रविवारी रेडिओवर बागकाम समजावून सांगत, ते लाखो लोक ऐकत.

आता कांद्याचे सांगते, कारण ते आपल्याला चटकन समजेल. इंग्लंडचा जवळजवळ सगळा कांदा परदेशचा. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातले विक्रेते सायकलीला कांद्याच्या माळा अडकवून दारोदार येत. जून १९४० मध्ये फ्रान्स पडले आणि माळा बंद झाल्या. त्या हिवाळ्यात कांदा इतका दुर्मिळ झाला की सोडतीत बक्षीस म्हणून एकेक कांदा ठेवीत! लासलगावच्या मुलखात हे कोणी खरे मानणार नाही. पुढच्या वसंतात मात्र जो तो कांद्याचे बी टाकू लागला.

हे सारे केले कोणी? पुरुष लढाईवर, म्हणून घरच्या बागेचा भार बायका, म्हातारे आणि मुले यांच्यावर आला. शेतीसाठी बायकांची वेगळी भूसेना जून १९३९ मध्येच पुन्हा उभी केली होती. तिच्या प्रमुख लेडी डेनमन. याच बाई तेथल्या महिला मंडळांच्या मध्यवर्ती संघाच्याही अध्यक्षा होत्या. भूसेनेत पुढे ऐंशी हजार मुली होत्या. त्यांतल्या कितीतरी शहरातल्या, पूर्वी दुकानात किंवा कचेरीत काम करणाऱ्या. थंडीत गाई पिळणे, गोठलेल्या मातीतून गाजरे उपटणे हे त्यांना नवे होते.

आणि महिला मंडळे तर आपल्यासारखीच! ही चळवळ १८९७ मध्ये कॅनडात निघाली आणि ब्रिटनमधील पहिले मंडळ १९१५ मध्ये वेल्सच्या एका खेड्यात स्थापन झाले. १९४० मध्ये झाडांना फळ भरपूर लागले आणि साखर रेशनवर. सरकारने मंडळांना साखर दिली, बायकांनी गावोगावच्या सभागृहांत चुली मांडल्या आणि मुरंबे घातले. १९४० ते १९४५ या काळात पाच हजार तीनशे टनांवर फळ वाया जाण्यापासून वाचले. मला विशेष वाटले ते याचे, की मुरंबा घालणारीलाही तो फुकट घरी नेता येत नसे. इतरांप्रमाणे रेशनची चिठ्ठी देऊन, पैसे मोजूनच घ्यायचा. दिवाळीच्या फराळाचा हिशेब ज्यांनी कधी मांडला आहे त्यांना यातली अडचण कळेल.

वसंतात संध्याकाळी कामाला उजेड मिळावा म्हणून १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे केली. आपल्याकडेही १९४२ ते १९४५ घड्याळ एक तास पुढे होते. आमच्या आजेसासूबाई “नवा टाइम की जुना?” असे विचारत, त्याचे कारण मला हे वाचताना उमगले.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या सरकारने आपल्या देशातल्या माणसाला उपाशी राहू दिले नाही, त्याच सरकारच्या अमलाखाली १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. चौकशी मंडळाने आकडा पंधरा लाख दिला, पुढच्या अभ्यासकांनी तीस लाखांपर्यंत नेला. लंडनच्या बागांत कोबी धरत होता तेव्हाची ही गोष्ट. त्या बागा करणाऱ्या बायकांचा यात दोष नाही, पण त्यांचे कौतुक लिहिताना बंगालच्या बायका डोळ्यांपुढून हलत नाहीत.

लढाई १९४५ मध्ये संपली, टंचाई संपली नाही. लढाईत कधी न झालेले पावाचे रेशनिंग जुलै १९४६ मध्ये आले. १९४७ च्या हिवाळ्यात साठवलेले बटाटे थंडीने सडले आणि त्या वर्षी बटाट्यावरही बंधन आले. म्हणून फावडी ठेवता आली नाहीत. भूसेना १९५० मध्ये बंद झाली. रेशनिंग ४ जुलै १९५४ रोजी मांसावरचे बंधन उठल्यावर पुरते संपले. पुष्कळ मैदानांवर पुन्हा हिरवळ आली, पुष्कळ तुकड्यांवर घरे उठली. उरलेल्या तुकड्यांसाठी आजही अनेक गावांत नाव नोंदवून वाट पाहावी लागते, आणि मार्चमध्ये तेथे मातीची मूठ वळून पाहणारी माणसे दिसतात.