पानामागचे पान

शाळेतल्या संगणकावर एखादे वेबपान उघडा आणि 'कंट्रोल' व 'यू' ही दोन बटणे एकदम दाबा. बहुतेक ब्राउझरमध्ये रंग आणि चित्रे नाहीशी होतात आणि कोनी कंसांनी भरलेला साधा मजकूर समोर येतो. हे त्या पानामागचे पान. पान कसे रचले आहे, हे येथे कोणालाही, कोणाची परवानगी न घेता वाचता येते. ही सोय कशी आली आणि पुढे तिचे काय झाले, ते पाहू.

प्रथम एक घोटाळा दूर करू. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे जाळे. ते वेबच्या बरेच आधीपासून होते. वेब म्हणजे त्या जाळ्यावर उभारलेली, एकमेकींकडे बोट दाखवणाऱ्या पानांची व्यवस्था.

ही व्यवस्था जन्मली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या मूलकणांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत. अनेक देशांच्या सरकारी पैशावर चालणाऱ्या या संस्थेत निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ येत-जात. प्रत्येकाचा संगणक वेगळा, नोंदी ठेवण्याची रीत वेगळी. माणूस परत गेला की त्याची माहितीही हरवे. यावर उपाय म्हणून मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी एक प्रस्ताव लिहिला. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला, "अस्पष्ट, पण रोमांचक." प्रस्ताव मात्र त्यांनी फेटाळला नाही. १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालू झाला. त्या संगणकावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नका.

कल्पना तीन गोष्टींवर उभी होती. प्रत्येक पानाला एक पत्ता, पान मागण्याची एक ठरलेली रीत आणि पान लिहिण्याची एचटीएमएल ही सोपी भाषा. या भाषेत मजकुराभोवती खुणा करायच्या : हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. खूण ओळखीची नसली तर ब्राउझर ती सोडून पुढे जातो. त्यामुळे नवशिक्याचे चुकलेले पानही बहुधा दिसतेच. चुका पोटात घालणारी ही भाषा शिकणाऱ्याला फार सोयीची ठरली.

पण केवळ सोपेपणामुळे वेब पसरले का? त्याच काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने 'गोफर' ही माहिती शोधण्याची व्यवस्था काढली होती आणि सुरुवातीला ती वेबपेक्षा अधिक वापरात होती. १९९३ च्या आरंभी विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हर आज्ञावलीसाठी काही वापरकर्त्यांकडून, विशेषतः व्यापारी संस्थांकडून, शुल्क घेण्याचे जाहीर केले. लोक बिचकले. आज काहींना लावलेले शुल्क उद्या आपल्यालाही लागले तर? याच सुमारास, ३० एप्रिल १९९३ रोजी, सर्नने लेखी जाहीर केले की वेबची मूळ आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी आणि वाटावी. संस्थेचा त्यावर हक्क राहणार नाही. गोफर हळूहळू मागे पडले.

त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रिसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेइक' हा ब्राउझर आणला. मजकुरातच चित्रे दाखवणारा, साध्या संगणकावरही सहज बसवता येणारा हा ब्राउझर झपाट्याने लोकप्रिय झाला. तोही सार्वजनिक पैशावर चाललेल्या केंद्रात तयार झाला होता. एप्रिल १९९४ मध्ये अँड्रिसन यांनी जिम क्लार्क यांच्याबरोबर कंपनी काढली. तिचे नाव पुढे 'नेटस्केप' झाले. ९ ऑगस्ट १९९५ रोजी तिचे शेअर २८ डॉलरना विक्रीस आले आणि दिवसअखेर ५८ डॉलरच्या वर गेले. कंपनीला दीड वर्षही झाले नव्हते आणि नफा तर नव्हताच. आधी वाढ, नफा नंतर, ही नव्या संगणक कंपन्यांची रीत या दिवसापासून रुळली.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हा अनेकांकडे फक्त अक्षरे दाखवणारी जोडणी होती. तरीही वेबपाने वाचता येत, कारण 'हे शीर्षक' ही खूण चित्राविनाही शीर्षकच राहते.

पुढची गोष्ट परिचयाची आहे. अमेरिकेतील नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५००० च्या वर पोहोचला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. असंख्य कंपन्या बुडाल्या. नेटस्केपही त्याआधीच विकली गेली होती. पण एचटीएमएल उरली, आणि पानामागचे पान वाचून शिकलेली एक पिढीही उरली. वर्ग न भरवता, पाठ्यपुस्तक न छापता ही मुले दुसऱ्याचे पान उघडत, त्यातली एक ओळ बदलून पाहत आणि काय बिघडते ते तपासत. प्रयोगशाळेत आपण मुलांना दुसरे काय शिकवतो?

मात्र आज ती दोन बटणे दाबली, तर मोठ्या कंपन्यांच्या पानांमागे बहुधा यंत्राने दाबून एकसलग केलेली, माणसाला न कळणारी आज्ञावली दिसते. ती लवकर पोहोचावी, हे त्यामागचे रास्त कारण. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तर ही बटणेच नाहीत. दार बंद झालेले नाही, पण अरुंद नक्की झाले आहे. ज्यांनी उघड्या पानांवरून शिकून कंपन्या काढल्या, त्यांची पाने वाचून आजच्या मुलाला शिकता येत नाही.

ते दार वर्गापुरते उघडे ठेवणे आपल्या हाती आहे. नोटपॅडमध्ये शीर्षकाची एक खूण, परिच्छेदाची एक खूण आणि त्यांच्यामध्ये मराठी मजकूर लिहा. फाइल यूटीएफ-८ या प्रकारात साठवून, नावाच्या शेवटी एचटीएमएलची चार अक्षरे लावून ब्राउझरमध्ये उघडा. यासाठी इंटरनेटची गरज नाही. मग मुलांना एक खूण मुद्दाम चुकवायला सांगा आणि काय होईल याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या.