'मॅलर्ड' कोणी घडवलं?

"हे कोणी घडवलं?" या प्रश्नाचं उत्तर एकाच नावात संपलं, तर ते अपुरं समजायचं, असं मी वर्गात सांगतो. वाफेच्या इंजिनांतलं 'मॅलर्ड' हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

मॅलर्ड म्हणजे एक रानबदक. हे नाव असलेल्या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमधल्या स्टोकच्या उतारावर ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. पुस्तकांत श्रेय दिलं जातं ते अभियंता नायजेल ग्रेस्ली यांना. ते योग्यच आहे, पण तेवढ्यावर थांबता येत नाही.

ग्रेस्ली जर्मनीत जाऊन तिथल्या वेगवान डिझेल गाडीत बसून आले होते. इंजिनाच्या पाचरीसारख्या नाकाची कल्पना मिळाली ती मिलानमध्ये जन्मून फ्रान्समध्ये कारखाना चालवणाऱ्या एत्तोरे बुगाटींच्या रेल्वेगाडीवरून. वापरलेली वाफ झटपट बाहेर टाकणारी धुराड्याची रचना फिनलंडचे क्युलाला आणि फ्रान्सचे शापलाँ या दोघांची. हे सगळं लोखंडात उतरवलं डाँकॅस्टरच्या कारखान्यातल्या कामगारांनी. या जातीची पस्तीसही इंजिनं तिथेच तयार झाली.

विक्रमाच्या दिवशी इंजिन चालवत होते ६१ वर्षांचे जोसेफ डडिंग्टन. भट्टीत फावड्याने कोळसा टाकत होते थॉमस ब्रे. त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग तापलं. पीटरबरोला 'मॅलर्ड' सोडवून गाडी दुसऱ्या इंजिनाने लंडनला न्यावी लागली.

याआधीचा विक्रम जर्मनीचा होता. बोर्झिग कंपनीने बनवलेल्या इंजिनाने १९३६ मध्ये ताशी २०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. म्हणजे ज्या देशाला मागे टाकल्याचा ब्रिटनला अभिमान, त्याच देशाच्या गाडीतून ग्रेस्ली काही शिकून आले होते. दुसऱ्याच वर्षी दोन्ही देश युद्धात उतरले.

यामुळे ग्रेस्ली लहान ठरत नाहीत. चांगलं कुठेही दिसलं तरी ते ओळखून घेणं, हाही हुन्नरच आहे. शिवाय ते प्रामाणिक होते. क्षणभर नोंदलेला १२६ चा आकडा त्यांनी स्वतः कधी मानला नाही. ते १२५ च सांगत. जिथे प्रत्येक समाज आपल्या वारशावर एकट्याचीच मोहोर उमटवू पाहतो, तिथे इतिहास शिकवताना मला ही गोष्ट उपयोगी पडते.